'सामान्य माणसा'चा चेहरा कोणता?

शब्द निवडताना लिहिणारा जितका सावध असतो तितका चित्र निवडताना तो असतोच असे नाही. शासकीय परिपत्रकातील एखाद्या शब्दावरून वादंग माजतो. परंतु त्याच खात्याच्या पुस्तिकेवर जे छायाचित्र छापले जाते ते कोणी, कोठून आणि कोणत्या विचाराने निवडले, याची विचारणा सहसा होत नाही. बँकेचे माहितीपत्रक, विद्यापीठाचा अहवाल, आरोग्य खात्याचा फलक, अधिकाऱ्याने सभेपुढे करावयाचे सादरीकरण, वृत्तपत्रातील लेखाच्या माथ्यावरील चित्र, या साऱ्यांना 'माणूस' हवा असतो. त्याला नाव-गाव असून चालत नाही. कोणत्याही शेतकऱ्याच्या, रुग्णाच्या, विद्यार्थ्याच्या वा ग्राहकाच्या जागी त्याला उभे करता आले पाहिजे. ही गरज भागविण्यासाठी आधीच टिपून, वर्गवारी करून ठेवलेल्या छायाचित्रांचा एक जागतिक व्यापार उभा आहे. 'स्टॉक फोटो' या नावाने तो ओळखला जातो. त्या साठ्यातून जो माणूस बाहेर येतो तो समाजाचा प्रतिनिधी म्हणून सर्वत्र मिरवतो. मग त्या साठ्यात कोण आहे, कोण नाही आणि जो आहे तो कोणत्या कामात दाखविला आहे, हा प्रश्न सजावटीपुरता राहत नाही. 'सामान्य माणूस' म्हणजे कोण, याचा निकालच तेथे परस्पर लागत असतो.

साठ्याचा व्यापार

या व्यवसायाला शंभर वर्षांची परंपरा आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी १९२० च्या सुमारास अशी छायाचित्रे भाड्याने देण्यास आरंभ केला. जर्मनीतून निघून न्यूयॉर्कला आलेल्या ऑटो बेटमन यांनी १९३६ साली आपला प्रसिद्ध चित्रसंग्रह स्थापन केला. १९९५ मध्ये गेटी इमेजेस, २००० मध्ये आयस्टॉक आणि २००३ मध्ये शटरस्टॉक या संस्था निघाल्या आणि संगणकाच्या जाळ्यावरून कोणालाही अल्प किमतीत छायाचित्र मिळू लागले. गेटी व शटरस्टॉक या दोन बलाढ्य संस्थांनी जानेवारी २०२५ मध्ये एकत्र येण्याचा करार जाहीर केला. जगाच्या चित्रांचा पुरवठा किती थोड्या हातांत एकवटत चालला आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

या बाजाराची रीत समजून घेतल्यावाचून त्यातील दोष कळत नाही. छायाचित्रकार आपले चित्र साठ्यात जमा करतो आणि ते सापडावे म्हणून त्याला काही शब्द जोडतो. ग्राहक शब्द टाकून शोध घेतो. ज्या चित्राला मागणी अधिक, ते यादीत वर येते; जे वर येते, त्याला मागणी आणखी वाढते; आणि जे खपते तसेच चित्र उद्या दुसरा छायाचित्रकार काढतो. या चक्रात कोणाचाही दुष्ट हेतू असण्याची गरज नाही. कोणी कोणाला वगळल्याचा ठराव केलेला नसतो, तरीही वगळलेली माणसे वर्षानुवर्षे बाहेरच राहतात.

चित्राला जोडलेले शब्द तर फारच बोलके असतात. अशा परदेशी साठ्यांत नुसते 'कुटुंब' मागितले तर दीर्घकाळ गोऱ्या वर्णाचे आई-बाप व दोन मुले समोर येत. इतरांना पाहावयाचे तर 'आफ्रिकी', 'आशियाई', 'भारतीय' असे विशेषण लावावे लागे. ज्याला विशेषण लागत नाही तो सामान्य, आणि ज्याला लागते तो अपवाद, असा हा न्याय आहे. मराठी भाषकांना तो अपरिचित नाही. आपल्याकडे 'डॉक्टर' म्हटले की पुरुष गृहीत धरला जातो आणि स्त्री असेल तर 'लेडी डॉक्टर' म्हटले जाते. 'शेतकरी' म्हटले की फेटा बांधलेला पुरुष डोळ्यांपुढे येतो. बाईसाठी 'महिला शेतकरी' असा जोडशब्द करावा लागतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के स्त्रिया शेतकरी किंवा शेतमजूर होत्या. खुरपणी, लावणी, कापणी यांत कंबर मोडणारी ही बाई कर्जयोजनेच्या, बियाण्याच्या वा ट्रॅक्टरच्या जाहिरातीत मात्र बांधावर न्याहरी घेऊन येते. सातबाऱ्यावर तिचे नाव नसणे आणि चित्रात तिच्या हाती विळा नसणे, या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही, असे कोण म्हणेल?

चित्रांचा मनावर परिणाम होतो, हे अनुमानापुरते नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात निरनिराळे व्यवसाय गुगलच्या चित्रशोधात टाकून पाहिले. 'कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी' या शब्दांनी आलेल्या चित्रांत स्त्रिया ११ टक्के होत्या. त्या देशात प्रत्यक्षात तेव्हा त्या पदावर २७ टक्के स्त्रिया होत्या. म्हणजे वास्तवातील विषमता चित्रात कमी तर झाली नव्हतीच, उलट वाढली होती. चित्रांतील प्रमाण बदलले की पाहणाऱ्याचा प्रत्यक्षाविषयीचा अंदाजही, थोडा का होईना, बदलतो, असे त्याच अभ्यासात आढळून आले.

यंत्रही तटस्थ नाही

छायाचित्र म्हणजे यंत्राने घेतलेली निःपक्षपाती नोंद, अशी समजूत रूढ आहे. तीही तपासून घ्यावी लागते. रंगीत चित्रे धुणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनीकडून रंगांचा मेळ साधण्यासाठी एक नमुना-चित्र पाठविले जाई. त्यावर गोऱ्या वर्णाच्या तरुणीचे छायाचित्र असे आणि 'शर्ली कार्ड' या नावाने ते ओळखले जाई. तिची त्वचा उजळ दिसली म्हणजे रंग बरोबर, हे माप ठरल्यावर सावळे व काळे चेहरे अंधारात बुडून जात. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ च्या आपल्या निबंधात हा इतिहास मांडला आहे. त्यात त्यांनी नोंदविलेली एक गोष्ट मार्मिक आहे: गडद छटा नीट उमटाव्यात म्हणून कंपनीवर जो दबाव आला, त्यात चॉकलेट आणि लाकडी सामान बनविणाऱ्या उद्योजकांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. मालाचा रंग चुकला तेव्हा यंत्रणा हलली. माणसांचा रंग चुकत होता तोवर ती स्वस्थ होती.

हा दोष जुन्या फिल्मबरोबर संपला नाही. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या संगणकप्रणालींची तपासणी केली. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत त्यांची चूक ०.८ टक्क्यांपलीकडे गेली नाही. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत पोहोचली. प्रणाली ज्या चित्रसंग्रहांवर शिकविल्या जातात त्यांत जे चेहरे विरळ, ते यंत्राला ओळखता येत नाहीत, हे त्यामागील एक प्रमुख कारण. वैद्यकातही हेच घडत आले. त्वचारोगांची पाठ्यपुस्तके मुख्यत्वे गोऱ्या कातडीवरील चट्टे दाखवीत आली. काळ्या कातडीवर तोच चट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो, हे शिकणाऱ्या डॉक्टरला कळावयाचे कोठून? लंडनमधील मालोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या अध्यापकांसह २०२० साली गडद त्वचेवरील लक्षणांची सचित्र पुस्तिका तयार केली, ती ही उणीव जाणवूनच. अचूक निदान व्हावयाचे तर आधी चित्र अचूक हवे, इतका हा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो.

दुरुस्तीचे प्रयत्न

गेल्या दशकभरात या उणिवेवर काही उपाय झाले. २०१४ साली गेटी इमेजेस आणि लीन इन या संस्थांनी मिळून, काम करणाऱ्या स्त्रियांची जुन्या साच्याबाहेरची छायाचित्रे संग्रहित केली. पुढच्याच वर्षी ख्रिस्तिना मोरियो व स्टेफनी मोरियो यांनी तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय व अन्य गौरेतर स्त्रियांची छायाचित्रे काढवून घेतली आणि ती कोणालाही मोफत वापरण्यास खुली केली. संगणकापुढे बसलेली, फळ्यावर आकृती काढणारी, सहकाऱ्यांशी चर्चा करणारी अशी ही साधी चित्रे होती, आणि त्यांचे सामर्थ्य त्या साधेपणातच होते. २०१८ मध्ये दिव्यांगांच्या संघटनांच्या सहभागाने गेटीचा एक संग्रह निघाला. २०१९ मध्ये झॅकरी ड्रकर यांनी पारलिंगी व्यक्तींची कार्यालयात, घरात, दवाखान्यात, मित्रमंडळींत टिपलेली छायाचित्रे खुली करण्यात आली. ब्रिटनमधील 'सेंटर फॉर एजिंग बेटर' या संस्थेने २०२१ मध्ये वृद्धांचा असा चित्रसंग्रह सुरू केला. काठीवर टेकलेला सुरकुतलेला हात म्हणजे म्हातारपण, हे समीकरण मोडणे हा त्याचा हेतू.

या प्रयत्नांतून एक समान धडा मिळतो. ज्यांचे चित्र काढावयाचे त्यांना निवडीत व मांडणीत वाटा मिळाला की चित्र बदलते. दिव्यांगाचे छायाचित्र इतरांनी काढले की तो एकतर दयेचा विषय होतो किंवा अचाट पराक्रम करणारा वीर होतो. भाजी निवडणारा, हिशेब तपासणारा, मुलाला शाळेत सोडावयास निघालेला माणूस तो क्वचितच होतो. समावेशाची खरी कसोटी हीच आहे. एखादी व्यक्ती चित्रात आहे एवढ्याने भागत नाही. तिच्या वेगळेपणाशी संबंध नसलेल्या विषयासाठी ते चित्र वापरले जाते काय, हे पाहिले पाहिजे. चाकाच्या खुर्चीतील बाई दिव्यांग दिनाच्या पानावर दिसणे सोपे आहे. बचतखात्याच्या माहितीपत्रकावर ती दिसेल तेव्हा ती समाजात आली असे म्हणता येईल.

आपल्याकडचे चित्र

मात्र हे संग्रह बहुतांशी अमेरिका व युरोपातील सामाजिक प्रश्नांतून जन्मले आहेत. वंश आणि वर्ण या त्यांच्या कप्प्यांत भारतीय समाज जसाच्या तसा बसत नाही. आपल्या प्रतिमांचा इतिहासही निराळा आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी लागल्या. देव्हाऱ्यापुढे कधीही उभे राहता न आलेल्या माणसाच्या भिंतीवर देव आला, ही त्या छापखान्याची मोठी कामगिरी होय. परंतु त्याबरोबर गोरी कांती, टपोरे डोळे, भरजरी वस्त्र हा सौंदर्याचा एकच साचाही घरोघर पोहोचला. दिनदर्शिकांनी तो चालविला, जाहिरातींनी पक्का केला. १९७५ पासून विकल्या गेलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द निघण्यास २०२० साल उजाडावे लागले.

२००६ साली दिल्लीत निघालेल्या 'इमेजेस बझार'सारख्या संस्थांनी भारतीय चेहऱ्यांची छायाचित्रे मोठ्या संख्येने उपलब्ध केली, हे खरे. पण या देशी बाजारातही साचा सुटला असे नाही. शहरी कुटुंब म्हटले की उजळ वर्णाची, प्रशस्त दिवाणखान्यातील चौघे. खेडे म्हटले की हाती मोबाइल घेऊन हसणारा फेटेवाला. मुसलमान म्हटले की नमाज. आदिवासी म्हटले की नाच. तृतीयपंथी म्हटले की टाळी. मुसलमान अभियंता, आदिवासी परिचारिका, तृतीयपंथी शिक्षिका यांची चित्रे मिळण्यास सायास पडतात. जातीचा कप्पा कोणत्याच साठ्यात नसतो. पण त्वचेचा रंग, घराची भिंत, अंगावरचे कापड आणि हातातले काम यांतून ती गुपचूप बोलत राहते. झाडू कोणाच्या हाती आणि लेखणी कोणाच्या, हे चित्रकार ठरवितो तेव्हा तो नकळत जुनीच वाटणी गिरवीत असतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. शासकीय फलकांवर ते बहुधा साहित्यवाटपाच्या प्रसंगी, घेणाऱ्याच्या भूमिकेतच भेटतात.

बदल अशक्य नाही, याचा दाखला महाराष्ट्राने स्वतःच दिला आहे. 'बालभारती'च्या इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात २०१९ साली स्त्री-पुरुष मिळून भाजी निवडत असल्याचे, डॉक्टर म्हणून स्त्रीचे आणि स्वयंपाकी म्हणून पुरुषाचे चित्र आले. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागला नाही की मोठा खर्च आला नाही. चित्र काढणाऱ्याला तसे सांगावे लागले, एवढेच.

दिखाऊ समावेशाचा धोका

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. वस्तुस्थितीत समता नसताना चित्रात ती दाखविणे ही फसवणूक नव्हे काय? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने २००० साली प्रवेशपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फुटबॉलचा सामना पाहणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा दुसऱ्या छायाचित्रातून कापून बसविला. लबाडी उघडकीस आली आणि विद्यापीठाला माफी मागावी लागली. हा आक्षेप रास्त आहे. पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. जी संस्था चित्राद्वारे 'आम्ही असे आहोत' असे सांगते, तिने आहे तेच दाखविले पाहिजे. ज्या कार्यालयात एकही दिव्यांग कर्मचारी नाही त्याने माहितीपत्रकावर चाकाची खुर्ची छापू नये; आधी जिन्याशेजारी उतार बांधावा. पाठ्यपुस्तक वा आरोग्यफलक मात्र कोणा एका संस्थेची साक्ष देत नाही. कोण काय होऊ शकतो आणि सेवा कोणासाठी आहे, हे तो सांगतो. तेथे सर्वांना जागा असणे हेच सत्याला धरून आहे.

दिखाऊपणाचा नवा मार्ग कृत्रिम बुद्धिमत्तेने खुला केला आहे. २०२३ साली लीव्हाय या वस्त्र कंपनीने विविध वर्णांच्या व देहयष्टींच्या 'मॉडेल' संगणकाकडून बनवून घेण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा त्यावर टीकेची झोड उठली. कारण ज्या माणसांना काम द्यावयाचे त्यांच्या नुसत्या सावल्याच उभ्या राहणार होत्या. शिवाय या सावल्याही जुन्याच साच्यातून येतात. 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' या नियतकालिकाने त्याच वर्षी मिडजर्नी या प्रणालीकडे 'भारतीय व्यक्ती' मागून पाहिली. जवळजवळ प्रत्येक वेळी पागोटे बांधलेला, पिकल्या दाढीचा म्हातारा समोर आला. एवढ्या मोठ्या देशातील स्त्रिया, तरुण, कामगार त्या यंत्राच्या लेखी जणू नव्हतेच.

ज्याचा चेहरा, त्याची संमती

वंचितांची चित्रे हवीत असे म्हणताना त्यांच्या संमतीचा विसर पडता कामा नये. सधन माणूस छायाचित्रापूर्वी कागदावर सही करतो. गरिबाचा चेहरा मात्र सार्वजनिक मालमत्ता समजला जातो. २०२१ साली कोलकात्यातील वृत्तपत्रांत घरकुल योजनेची जाहिरात झळकली. तिच्यात हक्काचे घर मिळालेली म्हणून जी बाई दाखविली होती ती प्रत्यक्षात भाड्याच्या एका खोलीत राहत होती आणि आपले छायाचित्र कधी घेतले गेले हेही तिला ठाऊक नव्हते. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत जो वृद्ध दिसला, तो पुणे जिल्ह्यातील एका कुटुंबातील सुमारे तीन वर्षांपासून बेपत्ता असलेला कर्ता पुरुष निघाला. जाहिरात करणाऱ्याला तो 'एक म्हातारा' होता; मुलाला तो बाप होता. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. तो फक्त सधनांसाठी दिलेला नाही.

या साऱ्यातून करावयाचे काय, हे फारसे अवघड नाही. माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, बालभारती, विद्यापीठे आणि वृत्तपत्रे यांनी मिळून महाराष्ट्राचा एक खुला छायाचित्रसंग्रह उभारावा. तो त्या त्या जिल्ह्यातील छायाचित्रकारांनी, त्यांतही ज्या समाजांची चित्रे आजवर इतरांनी काढली त्यांतल्या तरुण-तरुणींनी टिपावा. छायाचित्र देणाऱ्याला त्याच्या भाषेत सर्व समजावून सांगावे, मोबदला द्यावा आणि संमती मागे घेण्याची सोय ठेवावी. चित्राखाली माणसाचे काम व ठिकाण लिहावे आणि शोधण्याचे शब्द मराठीत असावेत. 'शेतकरी' म्हटल्यावर बाईही आली पाहिजे, विशेषण न लावता. २००४ पासून चालत असलेल्या विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या भांडारामुळे जागेचा व तंत्राचा खर्चही मोठा येऊ नये. तोवर सादरीकरण करणाऱ्या प्रत्येकाने चित्र उचलताना थोडे थांबावे: यातला माणूस कोणते काम करीत आहे, त्याला विचारले होते काय, आणि त्याच्याजागी दुसरा कोणी कल्पिता आला असता काय? आणि पडद्यावरील चित्र ज्याला दिसत नाही अशा श्रोत्यासाठी त्याचे दोन शब्दांत वर्णनही करावे.

चित्रांनी पोट भरत नाही, नोकरी मिळत नाही, सातबाऱ्यावर नावही चढत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु योजना कोणासाठी आखावयाची, दवाखान्याचा दरवाजा किती रुंद ठेवावयाचा, अवजाराची मूठ कोणाच्या हाताच्या मापाची करावयाची, हे ठरविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणीतरी माणूस असतोच. तो माणूस चित्रांनीच तेथे आणून बसविलेला असतो. ज्या कोट्यवधी लोकांना त्या चित्रात आजवर स्थान मिळाले नाही, त्यांना योजनांच्या तळटिपांत शोधीत बसण्यापेक्षा चित्रातच जागा करून देणे अधिक सोपे आणि कमी खर्चाचे आहे.